नर्सबाई गावात टिकल्या नाहीत, तेव्हा : जामखेडच्या डॉ. रजनीकांत आरोळे यांचं प्रकरण

1971 साली जामखेडच्या आसपासच्या खेड्यांत केलेल्या पाहणीत हजार जिवंत जन्मांमागे 176 बाळं पहिला वाढदिवस बघायच्या आत दगावत होती. दर सहा पाळण्यांतला जवळजवळ एक रिकामा. 1976 मध्ये तोच आकडा 52 वर आला होता. मधल्या पाच वर्षांत 1972 चा दुष्काळ येऊन गेला. लोकांनी तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, माणसं खडी फोडायला गेली. तेव्हा नेमकी दुष्काळाच्या तोंडावर असलेल्या या तालुक्यात बाळं जास्त जगायला लागली, ती कशी? जामखेडचा अभ्यास करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. पुरस्कार, सन्मान हे सगळं नंतरचं.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने 1970 मध्ये तिथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मेबलताई सप्टेंबर 1999 मध्ये गेल्या, डॉक्टर 25 मे 2011 ला. त्यांच्यावर लिहिताना बहुतेक जण दोघांना देवपण देऊन टाकतात. त्यामुळे त्यांनी नक्की काय केलं, कुठे चुकले आणि चूक कळल्यावर काय बदललं, हे बाजूला राहतं. मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटतो तो या बदलण्यापाशी आहे.

जामखेडच का

नगर जिल्ह्याचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, दोन तुकडे कुणालाही दिसतात. उत्तरेला प्रवरा-मुळेचं पाणी, ऊस, कारखाने. दक्षिणेला बालाघाटाच्या उतारावरची मुरमाड जमीन, ज्वारी, आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडणारी कुटुंबं. जामखेड अगदी दक्षिणेच्या टोकाकडे, बीड, धाराशिव आणि सोलापूर यांच्या सीमांना टेकलेलं. अहिल्याबाई होळकरांचं चौंडी याच तालुक्यात, 1795 ची लढाई झाली ते खर्डाही इथलंच. इतिहास भरपूर, पाणी नाही.

रजनीकांत वाढले राहुरीला, म्हणजे पाण्याच्या बाजूला. जन्म 10 जुलै 1934 चा, आईवडील शिक्षक. मेबल जबलपूरच्या, वडील तिथल्या धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक. दोघांची गाठ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पडली आणि 1960 मध्ये लग्न झालं. खेड्यातल्या गरिबांसाठीच आयुष्य घालवायचं, असं दोघांनी लग्नातच ठरवून टाकलं होतं. अशी वचनं बरेच जण देतात. या दोघांच्या बाबतीत महत्त्वाचं हे की, ती शपथ पाळायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना पहिली दहा वर्षं कळलं नव्हतं, आणि ते कळलेलं नाही हे त्यांनी ओळखलं.

1960 च्या दशकात दोघं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते. दिवसभर रांग आणि रात्री शस्त्रक्रिया. रोगी बरा होऊन घरी जाई आणि थोड्या दिवसांनी तोच आजार घेऊन परत येई, कारण घरचं पाणी तेच आणि ताटातली भाकरीही तेवढीच. आलेल्यांपैकी बहुतेकांचे आजार मुळात टाळता येण्यासारखे होते. इतके कष्ट करूनही गावात मरणारी मुलं मरतच होती, कारण ती रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हती. चांगला सर्जन म्हणून नाव होत असताना ‘मी चुकीच्या जागी उभा आहे’ असं वाटणं सोपं नसतं. दोघं अमेरिकेला गेले. क्लीव्हलँडला पुढचं वैद्यकीय प्रशिक्षण आणि मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. 1970 मध्ये परतले ते थेट जिल्ह्यातल्या सगळ्यात कोरड्या भागात. गावच्या पुढाऱ्यांशी बोलणं झालं आणि एका जुन्या, बंद पडलेल्या जनावरांच्या दवाखान्यात काम सुरू झालं.

लोकांनी औषध मागितलं नाही

गावांत जाऊन ‘तुमची गरज काय’ असं विचारलं, तेव्हा उत्तर आलं: पाणी आणि अन्न. दवाखान्याचा नंबर खाली होता. सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आलेल्या माणसाला हे ऐकायला अवघड गेलं असतं तर नवल नव्हतं. पण आरोळ्यांनी लोकांचं म्हणणं खरं धरलं, आणि प्रकल्पाचं पुढचं सगळं वळण तिथून लागलं.

दुष्काळात पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं निघाली. गावातली माणसं धान्य देत, सरपण आणत, आळीपाळीने शिजवत. मुलं एका पंगतीत बसत. कूपनलिका खोदल्या आणि हातपंप बसवले. इथे आरोळ्यांनी एक गोष्ट मुद्दाम केली: शक्य तिथे पाण्याची जागा दलित वस्तीत घेतली. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाला तिकडे जावं लागे. जातीवर भाषण झालं नाही, ठराव झाला नाही. घागर घेऊन पाटलाची सून त्या वस्तीत उभी राहिली आणि तिथल्या बाईशी दोन शब्द बोलली. ही युक्ती मला या प्रकरणातली सगळ्यात धारदार वाटते. विहिरीवरचा विटाळ ज्या समाजाने शतकानुशतकं पाळला, त्याच समाजात पाणी हीच एकत्र यायची जागा झाली.

पुरुषांना एकत्र आणण्यासाठी संध्याकाळी व्हॉलीबॉल. आधी खेळ, नंतर झाडाखाली गप्पा. त्या गप्पांतूनच शेतकरी मंडळं उभी राहिली. बियाणं, बांधबंदिस्ती, झाडं लावणं, जनावरं, आणि याच ओघात पोरांच्या लसी. डॉक्टर या बैठकांना जात आणि बराच वेळ गप्प बसत, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात.

फसलेली पहिली योजना

आता मूळ मुद्दा. सुरुवातीची योजना कुठल्याही शहाण्या माणसाने केली असती तशीच होती. प्रत्येक गावात एक प्रशिक्षित नर्स राहील, ती गरोदर बायकांना तपासेल, लस देईल, पोरांचं वजन करेल.

ती योजना चालली नाही. नर्सबाई गावात राहायला तयार नसत, राहिल्या तर टिकत नसत. का, ते खेड्यात वाढलेल्या कुणालाही उमगेल. परगावची तरुण, एकटी बाई. तिला खोली कोण देणार, आणि दिली तर तिच्याबद्दल चावडीवर काय बोललं जाणार? रात्री बाळंतपणाला बोलावलं तर ती कुणाबरोबर जाणार? आणि ती गेलीच, तरी घरातली सासू तिचं ऐकेल का? ‘शिकलेली आहे, पण आमच्यातली नाही’ एवढंच पुरे होतं. आईच्या पहिल्या दुधाचा चीक पिळून टाकायचा, गरोदर बाईने कमी खायचं म्हणजे बाळ लहान राहील आणि सुटका सोपी होईल, टाळू बसलेल्या पोराला डाग द्यायचा, या समजुती नर्सबाईच्या एका व्याख्यानाने जाणाऱ्या नव्हत्या.

अशा वेळी बहुतेक संस्था एकच निष्कर्ष काढतात: पगार वाढवा, क्वार्टर बांधा, देखरेख कडक करा. आरोळ्यांनी गावाला विचारलं. गावाने सांगितलं, आमच्यातलीच एखादी बाई घ्या, ती कुठे जाणार नाही. मग गावाने बाया निवडल्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या निरक्षर निघाल्या. पुष्कळशा दलित, पुष्कळशा नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा, शेतमजुरी करणाऱ्या. शिकलेल्या बायका गावात नव्हत्याच, असत्या तर घरच्यांनी पाठवल्या नसत्या.

वेल्लोर आणि जॉन्स हॉपकिन्सचा डॉक्टर अंगठा देणाऱ्या बाईच्या हाती बाळंतपण सोपवतो, हे 1970 च्या दशकात वैद्यकीय जगाला भलतंच वाटत होतं. आजही कित्येकांना वाटतं. ज्ञान खाली दिलं की पातळ होतं, अशी आपल्या वैद्यकीय व्यवसायाची समजूत आहे. मेबलताई आणि डॉक्टरांनी ती मोडली ती वादात नाही, दर आठवड्याच्या वर्गात.

आठवड्याचे दोन दिवस

गावाने निवडलेल्या या बाया, म्हणजेच आरोग्य सेविका, दर आठवड्याला जामखेडला येत आणि दोन दिवस राहत. वर्गाला टेबलखुर्ची नव्हती, गोलात बसायचं. सुरुवात आजारांपासून झालीच नाही. स्वतःचं नाव सांगायचं, इथून झाली. ‘अमक्याची बायको, तमक्या वस्तीवरची’ अशी ओळख द्यायची सवय असलेल्या बायकांना आपलं नाव मोठ्याने घ्यायला लावणं हा पहिला धडा होता. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकाच ठिकाणी झोपत. पहिले काही महिने ते सोपं गेलं नसणार.

मग एका वेळी एकच गोष्ट शिकायची. जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं. नाळ कशाने कापायची, ब्लेड आणि दोरा उकळायचा का, आणि शेण-राख लावली की धनुर्वात कसा होतो. गरोदर बाईची पापणी खाली ओढून रक्त कमी आहे हे कसं ओळखायचं. सुकट पोर कुठलं, रातांधळं कुठलं. वही नव्हती, म्हणून सगळं तोंडपाठ, चित्रांवरून, गाण्यांतून. खेड्यातल्या बायकांची पाठ करायची ताकद जात्यावरच्या ओव्यांनी घडवलेली असते, हे वर्ग घेणाऱ्यांना लवकरच कळलं असावं.

पण या दोन दिवसांचा खरा जीव दुसऱ्या भागात होता. गेल्या आठवड्यात शिकलेलं गावात करून पाहिलं, तेव्हा काय झालं? कोणाच्या घरी सासूने हाकललं, कुठे पोर वाचलं, कुठे दगावलं? हे सगळ्यांसमोर सांगायचं. दुसरी तिच्या गावात काय केलं ते सांगे. डॉक्टर ऐकत. पुढच्या आठवड्याचा धडा बऱ्याचदा या बोलण्यातूनच ठरे. अशा रीतीने बायका शिकत होत्या, आणि सार्वजनिक आरोग्याचे तज्ज्ञही शिकत होते. आठवड्यामागून आठवडा, वर्षामागून वर्ष. चार दिवसांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि एक फोटो, इतक्यावर हे काम संपत नव्हतं.

पाठीशी एक फिरतं पथक होतं, ते गावांत जाऊन सेविकेबरोबर घरोघर फिरे. आणि त्याच्याही पाठीशी जामखेडचं छोटं रुग्णालय. अडलेलं बाळंतपण तिथे यायचं. कुष्ठरोग्यांसाठी वेगळा कोपरा न ठेवता त्यांच्यावर इतर रोग्यांबरोबरच उपचार होत. सुरुवातीला सेविकांना थोडं मानधन होतं. पुढे त्यांनी कर्ज काढून छोटे धंदे उभे केले, महिला मंडळं चालवली, कित्येक जणी सरपंच-पंच झाल्या, आणि सेविकेचं काम मात्र गावासाठीचं काम म्हणून चालू राहिलं.

1980 च्या दशकात मुक्ताबाई पोळ या सेविका अमेरिकेत वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. त्यांनी वरची झुंबरं दाखवली आणि सांगितलं की डॉक्टर असे असतात, सुंदर, महाग आणि लांब. मग पिशवीतून वातीचे दिवे काढले, एकाने दुसरा पेटवला, आणि आम्ही अशा, एक दुसरीला लावणाऱ्या, असं त्या म्हणाल्या. पुढच्या काही दशकांत सार्वजनिक आरोग्यावर जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं या दोन वाक्यांत येऊन बसतं. मला मात्र या प्रसंगात डॉक्टर आरोळ्यांची बाजू दिसते. बोलायला मुक्ताबाईंना उभं करून स्वतः खाली बसणं हे त्यांच्या कामाचंच एक अंग होतं.

घर आणि काम एकच

डॉक्टर कुटुंबवत्सल होते असं म्हणायचं, तर ते कुठल्या अर्थाने? संध्याकाळी साडेसहाला घरी येणारा गृहस्थ या अर्थाने नव्हे. घर आणि काम यांच्यामध्ये भिंतच नव्हती. मुलं शोभा आणि रवी प्रकल्पातच वाढली. दोघांनी लहानपणापासून जे पाहिलं तेच पुढे हाती घेतलं. शोभाताई डॉक्टर झाल्या आणि दोघंही आईवडिलांमागे प्रकल्पाची धुरा वाहत राहिले. कुठल्याही सामाजिक संस्थेत हा प्रश्न अवघड असतो, आणि इथेही तो विचारला पाहिजे: संस्थापकाच्या घरातच संस्था राहिली तर ती लोकांची कशी? मला याचं सोपं उत्तर देता येत नाही. एवढं मात्र दिसतं की जामखेडला सत्ता मुळातच गावोगावच्या सेविकांच्या हातात गेली होती. मुख्य कचेरीत कोण बसतं यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं होतं.

या प्रकरणात लग्न हा एक भाग म्हणून मोजला पाहिजे, आणि अभ्यासक तो मोजत नाहीत. बाईला अक्कल असते, ती निर्णय घेऊ शकते, हे गावांना पटवणाऱ्या प्रकल्पात गाव रोज काय पाहत होतं? नवरा-बायको दोघंही डॉक्टर, दोघंही बैठकीला, एकाचं मत दुसरा मान्य करतो किंवा सगळ्यांसमोर खोडतो. 1979 चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून आला, 1990 मध्ये डॉक्टरांना पद्मभूषण मिळालं. नवरा आणि बायको मिळून एक गोष्ट करतात तेव्हा श्रेय नवऱ्याच्या खात्यावर जातं, हा आपल्याकडचा नियम. जामखेडची गोष्ट सांगताना डॉक्टर मेबलताईंचं नाव कधी मागे पडू देत नसत. सेविकांचे वर्ग चालवण्यात मेबलताईंचा वाटा एवढा मोठा होता की त्यांच्याशिवाय ‘डॉक्टरांचं काम’ ही गोष्टच उभी राहत नाही.

मेबलताई गेल्यानंतर डॉक्टर जवळजवळ बारा वर्षं जगले. पंचविशीत ज्या बाईबरोबर वचन घेतलं, तिच्यामागे तेच काम चालू ठेवलं. लांबून येणाऱ्यांना शिकवलं. जगभरच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी जामखेडला प्रशिक्षण संस्था होती. मोठमोठ्या पदव्या घेतलेले लोक तिथे येऊन निरक्षर बाईकडून बाळंतपण समजून घेत.

बाकी राहिलेले प्रश्न

1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातून निवडलेल्या प्रयोगांमध्ये जामखेडचा समावेश केला, आणि तीन वर्षांनी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-अता शहरातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा झाली. घोषणेच्या मागे जे थोडे प्रयोग होते, त्यात नगर जिल्ह्याच्या कोरड्या टोकाचा हा एक होता. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात हजार लोकांमागे एक ‘आशा’ स्वयंसेविका आली: गावातलीच, बाई, गावाने सुचवलेली. मुळं ओळखता येतात.

फरकही दिसतो, आणि तो स्पष्ट बोलला पाहिजे. आशासाठी आठवी पास ही अट आली. जामखेडच्या पहिल्या सेविकांपैकी बहुतेक जणी या अटीत बसल्या नसत्या. त्याहून मोठा फरक वेळेचा आहे. आशाच्या हातात आज नोंदवह्या आहेत, मोबाईल आहे, लाभार्थ्यांच्या याद्या आहेत, प्रत्येक कामामागे ठरलेला मोबदला आहे, आणि तो वेळेवर मिळत नाही म्हणून तिला संपावर जावं लागलं आहे. तिचं मानधन न्याय्य असलं पाहिजे, यात दुमत नसावं. जामखेडच्या सेविका स्वेच्छेने काम करत, हे दाखला म्हणून पुढे करून कुणी आशांचा पगार नाकारत असेल, तर तो या प्रकरणाचा उलटा अर्थ लावतो. जामखेडला बायकांच्या हाती आधी कर्ज आलं, धंदा आला, मंडळ आलं, गावात मान आला. नुसतं काम आलं नव्हतं.

मला खटकतं ते दुसरं. तालुक्याच्या बैठकीला आशा येते, आकडे सांगते, उरलेले फॉर्म भरते आणि शेवटची एसटी पकडते. या आठवड्यात कुठल्या घरी सासूने दार लावून घेतलं, हे तिला कोणी विचारत नाही. जामखेडला तो प्रश्न आधी होता, आणि त्यासाठी दोन अख्खे दिवस राखून ठेवलेले होते.